खिशातली मांजर

काचेचा दरवाजा खांद्यानं ढकलून तो दुकानात आला, तेव्हा त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. काउंटरशी येऊन उभा राहिला, घसा खाकरला, तरी तो हात बाहेर येण्याचं काही लक्षण दिसेना.

"हात... अडकलाय," तो म्हणाला.

काउंटरमागे शिवत बसलेल्या टिकलीनं सुईवरची नजर वर उचलली. "कशात?"

"खिशात. माझ्याच."

किल्ल्या खिशाच्या भोकातून अस्तरात घसरल्या होत्या. त्या काढायला त्यानं हात घातला आणि घड्याळाचा पट्टा आतल्या दोऱ्यांत गुंतला. हे सगळं त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की टिकलीला ओठ दाबून धरावे लागले. उंच, सडपातळ माणूस, कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेला. अंगात गडद निळा कोट, पितळी बटणं. रस्त्यापलीकडच्या म्युझियममधले गार्ड असले कोट घालतात, हे तिला ठाऊक होतं.

ती कात्री घेऊन काउंटरबाहेर आली. "हलू नका. गुदगुल्या होतात का तुम्हाला?"

"माहीत नाही..."

"आता कळेल."

कळलं. चांगलंच कळलं. किल्ल्या निघाल्या, हात सुटला, आणि दोघांना एकमेकांकडे बघून हसू आलं ते काही लवकर थांबेना. कोट दुरुस्तीला ठेवून तो गेला. दारातून जाताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं, आणि टिकलीनं ते पाहिलं नाही असं दाखवलं.

दुकान तिच्या मावशीचं. कपडे घट्ट-सैल करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं ही मावशीची कामं. खिडकीजवळचा कोपरा मात्र टिकलीचा होता. साध्या टोपीला ती सशाचे कान लावायची, पिशवीच्या कोपऱ्यात लोकरीची स्ट्रॉबेरी, चपलांवर गोंडे, जॅकेटच्या फाटक्या कोपरावर झोपलेला कोल्हा. हे वेड जुनं. लहानपणी तिनं बाबांच्या ऑफिसच्या बुटांवर चमचमत्या टिकल्या चिकटवल्या होत्या, आणि बाबा तेच बूट घालून आपल्या साहेबांसमोर जाऊन उभे राहिले होते. तेव्हा पडलेलं नाव आजतागायत चिकटून होतं. तिचं म्हणणं असं, की दुकानातून आणलेला कपडा तसा कुणाचाच नसतो. त्यावर लाडानं काहीतरी लावलं, की तो आपला होतो. गिऱ्हाइकांना हे पटायचं. कपाळाला कायम आठ्या असलेल्या एक वकीलबाईसुद्धा बाहीच्या आतून एक साळिंदर शिवून घेऊन गेल्या होत्या.

तर त्या निळ्या कोटाला तिनं नवा खिसा लावला आणि खिशाच्या आत, कुणी न सांगता, एक मांजर बसवली. मऊ लोकरी कापडाचे दोन टोकदार कान, मण्यांचे डोळे, लोकरीचं गोल नाक, आणि पिवळ्या दोऱ्याच्या मिशा. प्रत्येक मिशीच्या टोकाला एक बारीक मणी.

सकाळी तो आला तेव्हा तिनं कोट त्याच्या हातात देत सांगितलं, "आत एक पाहुणा ठेवलाय."

त्यानं दचकून कोट जरा लांब धरला. "जिवंत?"

"ते तुमच्यावर आहे. खिसा उलटून बघायचं नाही. बोटांनी चाचपून ओळखायचं. रोज एक उत्तर, संध्याकाळी इथं येऊन द्यायचं."

"गणवेशावर काही लावायला बंदी आहे हो आम्हाला."

"गणवेशावर नाहीच आहे. गणवेशाच्या आत आहे. काय सांभाळता तुम्ही तिथं?"

"जुन्या खुर्च्यांचं दालन. दिवसभर खुर्च्यांमध्ये उभा असतो, आणि एकीवरही बसायचं नाही."

"मग तर हातांना काहीतरी चाळा हवाच," टिकली म्हणाली, आणि विषय संपवला.

त्या संध्याकाळी तो आला. "घुबड," म्हणाला.

"नाही."

दुसऱ्या संध्याकाळी कासव. मग भोपळा, मग घंटा. एकदा तर चक्क टेबललॅम्प.

"टेबललॅम्पला मिशा असतात?" टिकली म्हणाली.

"अच्छा, मिशा आहेत त्या? मदत केल्याबद्दल आभार." तो स्टूल ओढून बसायचा, तिच्या लोकरीची लड दोन्ही हातांवर धरायचा, आणि ती गुंडाळत असताना दालनातल्या गमती सांगायचा. आज एका आजोबांनी कुण्या राणीच्या खुर्चीवर टोपी ठेवली. आज दोन मैत्रिणी तासभर भांडल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून गेल्या. लोकर संपली तरी त्याचे हात तसेच वर राहायचे... आणि तीही, अगदीच काही नाही तर, नवी लड काढायची.

उगाच लपवून काय उपयोग, टिकली त्याच्या प्रेमात पडली होती. तिनं स्वतःशी ते कबूलही करून टाकलं होतं, आरशासमोर उभं राहून, केस विंचरताना. तिची अडचण निराळी होती. तिच्या कलेचा तिला अभिमान होता, आणि हा माणूस तिच्या मांजरीला मांजर म्हणायला तयार नव्हता. शेवटी तिनं तशीच दुसरी मांजर शिवली, मावशीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि ती तिच्या हातात दिली.

"मांजर," मावशी लगेच म्हणाली. "सोड आता, दूध उतू जाईल."

"मग त्याला का नाही कळत?"

मावशीनं ओढणी वर सरकवली. "टिकले, तो माणूस एक तर मठ्ठ आहे, नाहीतर चांगलाच पोचलेला."

त्यातच म्युझियममध्ये नवे साहेब आले. खिशात हात घालून उभे राहणारे गार्ड त्यांना गबाळे वाटले. त्यांनी हुकूम काढला की सगळ्या कोटांचे खिसे शिवून बंद करावेत, आणि ते होईपर्यंत गार्डांनी नुसत्या शर्टात काम करावं. काम आलं मावशीकडे. मावशी खूश होती, टिकली मात्र नाही. खिसाच नाही म्हणजे कोडं नाही. कोडं नाही म्हणजे तो कशाला येईल? रोज संध्याकाळी आला, पण कोड्याच्या आडूनच आला होता. त्यापलीकडचं एक अक्षर कधी बोलला नव्हता.

कोटांच्या ढिगाऱ्यातून तिनं त्याचा कोट ओळखला. शिवण्याआधी खिसा उलटा केला, आणि सुई हातातच राहिली.

मांजरीची एक मिशी काळी होती.

डावीकडची. तिचा पिवळा दोरा कधीतरी तुटला असणार. त्या जागी काळ्या दोऱ्याचे भले मोठे, वाकडेतिकडे टाके होते, आणि बुटाची नाडी बांधावी तशी गाठ. सुटलेला मणीही जपून, नेमका मिशीच्या टोकाशी बसवला होता. न बघता हे करणं शक्यच नव्हतं. बघून करतानाही त्या माणसानं बोटं चांगलीच टोचून घेतली असणार.

टिकली आधी हसली. मग तिला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. आणि मग राग आला. ती तडक रस्ता ओलांडून म्युझियममध्ये गेली.

खुर्च्यांच्या दालनात तो पांढऱ्या शर्टात उभा होता. हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखा कधी मागे बांधत होता, कधी पुढे. तिला बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

"मिशी कुणी शिवली?" तिनं विचारलं.

"कुणाची मिशी?"

"सरळ सांगा. नाहीतर मी या राणीच्या खुर्चीवर बसेन."

"नका, नका... मीच शिवली. मणी सुटला होता. तुमच्याकडे आणला असता तर मी खिसा उलटलाय हे तुम्हाला कळलं असतं."

"कधी उलटलात?"

"पहिल्याच सकाळी. तुमच्या दुकानातून निघालो, कोपऱ्यावर वळलो... तिथंच."

"आणि मला घुबड सांगितलंत. भोपळा सांगितलात. मला वाटलं माझा हात बिघडला. मी मावशीचे डोळे बांधले."

त्यानं खाली पाहिलं. "मांजर म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशाला आलो असतो?"

हे उत्तर तिला आवडलं. पण अर्ध्यावर समाधान मानणाऱ्यांतली टिकली नव्हती.

"तेच विचारतेय. कशाला आला असतात?"

तो काही बोलणार, इतक्यात दारातून नवे साहेब आले. तो खांबासारखा ताठ झाला. साहेबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं आणि पुढच्या दालनात गेले. तेवढ्यात त्याचा धीर कुठेतरी सांडला असावा. "संध्याकाळी येतो मी," तो हळूच म्हणाला. "कॉलर जरा उसवलीय... ती घेऊन येतो."

"नको," टिकली म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "काम घेऊन येणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ येतात. तुमचा खिसा मी आज शिवून टाकतेय. यायचं असेल तर काहीही काम नसताना या. तसं जमणार नसेल तर येऊ नका."

परत येऊन तिनं मांजर आत ठेवूनच खिशावर टीप मारली. आपण बोललो ते बरोबरच बोललो, याची तिला खात्री होती. तरी दरवाजा वाजला की मान वर व्हायची. संध्याकाळ झाली, मावशीनं दिवे मालवले. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टिकली एका शिक्षिकाबाईंच्या पिशवीवर लाल मुळा शिवत होती, बाई शेजारीच वाट बघत बसल्या होत्या, आणि दार ढकलून तो आत आला. गणवेश नाही, साधा स्वेटर. दोन्ही हात रिकामे.

"काय शिवायचंय?" मावशीनं विचारलं.

"काही नाही."

"चेन बदलायचीय?"

"नाही."

"मग काम काय आहे?"

सगळं दुकान त्याच्याकडे बघत होतं. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं.

"काम काहीच नाही," तो म्हणाला. "हिला भेटायला आलोय. काल पण निघालो होतो, मावशी. अर्ध्या वाटेत वाटलं, शर्टाचं एक बटण तोडावं, म्हणजे आत शिरायला बरं पडेल. पण ते परत निमित्तच झालं असतं, म्हणून तसाच घरी गेलो. आज सगळी बटणं जागेवर आहेत." मग तो टिकलीकडे वळला. "तुम्ही मला आवडता. फार आवडता. रोज भेटावंसं वाटतं, आणि त्याला दुसरं काही कारण नाही."

मावशी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून उभी राहिली. कुणीतरी खुदकन हसलं. टिकलीला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला छानसं काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. एवढं मुळ्याचं पान लावून होऊ दे, मग निघू."

"अहो, पान राहू द्या," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "माझी पिशवी उद्या दिलीत तरी चालेल."

टिकलीनं सुई सुयांच्या गादीत खोचली, मांडीवरचे दोरे झटकले आणि पिशवी मावशीच्या हातात दिली.

"मावशी, मला यायला उशीर होईल," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.