पाच दिवस उजवी बाजू

म्हाताऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर शाईची फुली मारून झाली होती. भूल देणारे डॉक्टर सुई भरत होते. तेवढ्यात परिचारिकेने सहज विचारलं, "आजोबा, चालताना फार दुखतो का हो हा?"

"हा नाही," म्हातारा म्हणाला. "तो."

तासाभरात तळमजल्यावरच्या टायपिंगच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीवाली हजर झाली. डॉक्टर एक्स-रे बघून रिपोर्ट बोलत, त्याचं रेकॉर्डिंग इथे येई आणि तीन टायपिस्ट ते कानाला लावून टाइप करत.

"या बाईची महिन्याभरात सापडलेली ही पाचवी चूक," एक्स-रे विभागाच्या साहेबांनी तिघांतल्या धाकटीकडे बोट दाखवलं. "दर वेळी डाव्याचं उजवं. संध्याकाळपर्यंत मशीनमध्ये दोष सापडला तर ठीक. नाहीतर उद्यापासून हिने यायचं नाही."

धाकटी छातीशी फाइल धरून उभी होती. फाइलमागे कुडत्यावर दुधाचा ओला डाग पसरत चालला होता. आठ महिन्यांचं लेकरू पाळणाघरात होतं आणि त्याची दूध प्यायची वेळ टळून गेली होती.

"मशीनला कशाला छळताय?" बाजूच्या टेबलावरचा टायपिस्ट हसला. सगळे त्याला भोंगाच म्हणत. "हिचं अर्धं डोकं पाळणाघरात, अर्धं इथे. त्यात डावं कुठलं नि उजवं कुठलं!"

"गप रे," थोरलीने त्याला झापलं. ती धाकटीची सख्खी बहीण, आणि खोलीतली सगळ्यांत जुनी. सकाळी कोणाला कुठलं रेकॉर्डिंग द्यायचं ते तीच ठरवायची. "रात्र रात्र जागते बिचारी. साहेब, तिला घरीच बसू द्या. उद्या कोणाचा चांगला पाय कापला गेला, तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाही ती."

तिने आपला रुमाल पुढे केला. धाकटीने त्याने डोळे पुसले.

दुरुस्तीवाली धाकटीच्या खुर्चीत बसली. "डावी बाजू कशी टाइप करता?"

"शॉर्टकट आहे," धाकटी म्हणाली. " आमची तीच तीच वाक्यं दिवसातून शंभरदा येतात, म्हणून प्रत्येकाने वाक्यांच्या प्रोग्राममध्ये आपापले शॉर्टकट लावलेत. तीन बटणं एकदम दाबली की अख्खं वाक्य येतं."

"आलेलं वाक्य वाचता?"

"नाही. तोवर कान पुढच्या वाक्याकडे लागलेले असतात. इथे सगळे तसंच करतात."

दुरुस्तीवालीने शॉर्टकट दहा वेळा दाबला. दहाही वेळा पडद्यावर उमटलं: तपासणी, डावी बाजू.

"बघा!" भोंगा म्हणाला. "चूक सापडली की आम्ही प्रत्येक वेळी मशीन बंद करून चालू केलं. प्रत्येक वेळी ठणठणीत!"

"प्रत्येक वेळी बंद करून चालू केलं," दुरुस्तीवाली सावकाश म्हणाली. तिने त्या पाच तारखा मागून घेतल्या. "या दिवशी वेगळं काय होतं?"

धाकटीने कागद पाहिला. "हे माझे उशिराचे दिवस. बाळ मला सोडत नव्हतं. पण कामाचा खोळंबा झाला नाही. ताई लवकर येते. अशा दिवशी मी फोन केला की तीच माझं मशीन चालू करून ठेवते."

"पासवर्ड?"

"आईची जन्मतारीख. सगळ्यांना ठाऊक आहे."

"आल्यावर काय करता?"

"वाक्यांचा प्रोग्राम उघडते. त्या दिवशी कोपऱ्यात एक चौकट यायची आणि लगेच जायची. वाचायला वेळ कोणाला?"

"आई कुठे असते?"

"ताईकडे. अर्धांगवायू झालाय. सांभाळायला बाई आहे, पण महिनाअखेरीला ती सोडून चाललीय. मग आम्हा दोघींपैकी एकीला..."

"घरचं रडगाणं इथे कशाला?" थोरली म्हणाली.

दुरुस्तीवालीने पुढचा अर्धा तास पडद्यापुढे घालवला. मशीनमधले सगळे प्रोग्राम चाळले. मग रेकॉर्डिंग वाटपाचा तक्ता मागितला आणि पाच ओळींवरून बोट फिरवलं.

"साहेब, सगळ्यांना जवळ बोलवा."

तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आधी एका कोपऱ्यातल्या फोल्डरमधला प्रोग्राम उघडला. पडद्यावर काहीच दिसलं नाही. मग धाकटीचा नेहमीचा प्रोग्राम उघडला. कोपऱ्यात चौकट चमकली: दोन शॉर्टकट दुसऱ्या प्रोग्रामने घेतलेले आहेत.

तिने डाव्या बाजूचा शॉर्टकट दाबला. तपासणी, उजवी बाजू.

धाकटीच्या हातातली फाइल खाली पडली.

"एक शॉर्टकट एका वेळी एकाच प्रोग्रामकडे राहतो," दुरुस्तीवाली म्हणाली. "जो आधी उघडतो, त्याचा. मशीन बंद केलं की दुसरा प्रोग्राम बंद पडतो, म्हणून तुम्हाला दोष कधी सापडला नाही."

"म्हणजे दोन प्रोग्रामची टक्कर. चुकून झालेली," साहेब म्हणाले.

"चुकून झाली असती तर भलतीच खिडकी उघडली असती, नाहीतर अक्षरांचा कचरा आला असता. इथे साठ शॉर्टकटपैकी दोनच फिरवलेत. डाव्याला उजवं, उजव्याला डावं. हे कोणीतरी बसून केलंय."

थोरलीने भोंग्याकडे पाहिलं. "तोही सकाळी लवकर येतो."

"ए ताई!" भोंग्याचा आवाज चिरकला. "मी जीभ चालवतो, एवढंच!"

"येत असेल," दुरुस्तीवाली म्हणाली. "पण काम तो वाटत नाही. एरवी धाकट्या बाईंना सगळं मिसळून येतं. या पाच दिवशी त्यांना फक्त गुडघे, खांदे आणि खुबे आलेत. पोटाचे रिपोर्ट, ज्यात डावं-उजवं फारसं येत नाही, ते दुसऱ्यांना. आज हिचं डावं-उजवं फिरणार, हे वाटणाऱ्याला सकाळीच माहीत होतं."



"ताई?" धाकटी म्हणाली.

"ऑपरेशनच्या आधी विचारतातच," थोरली म्हणाली. तिचा आवाज अजूनही मऊच होता. "कोणाचं काही वाकडं झालं का? मूल तुझं, पाळणाघरात रडतं तुझं. तू तशीही घरीच बसायला हवी होतीस. आईचंही झालं असतं. मी नोकरी सोडून तिचे लंगोट बदलत बसू?"

"मला नुसतं विचारायचंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो."

साहेबांनी थोरलीसमोर हात पुढे केला. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं.

"आणि साहेब," दुरुस्तीवाली पिशवी भरता भरता म्हणाली, "पाचही रिपोर्टवर सही तुमची आहे. वाचले नव्हतेत?"

"दिवसाला नव्वद रिपोर्ट असतात," साहेब म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

थोरली दाराशी घुटमळली. "आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस," धाकटी म्हणाली. तिने खाली वाकून फाइल उचलली, कागद नीट लावले. "तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. नाहीतर पाठ सोलवटते. मी रोज संध्याकाळी येऊन पाठ बघेन."

"आणि सोलवटलेली दिसली तर?"

"तर काय, ताई? तुला कोण काढणार आहे?"