वीस सेकंदांचा मेनू

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा ती खुर्चीवर गुडघे टेकून, डोक्यावरून जाकीट ओढून, कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढत होती. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट स्क्रीनवर येत होतं, म्हणून जाकिटाचा तंबू. तो आला होता शेजारच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला.

"मदत हवीय का?" तंबूबाहेरून आवाज आला.

"नको. स्क्रीनशॉट घेतेय."

बाहेर कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज. तिने जाकीट खाली ओढलं. केस विस्कटलेले, नाकावर घाम, आणि समोर कानाला स्क्रूड्रायव्हर खोचलेला एक उंच तरुण. नेमका आजच केस विंचरायचा कंटाळा केला होता तिने!

"हसताय काय? मेनू उघडला की तुमचं स्क्रीनशॉटचं बटण ढिम्म हलत नाही. मेनू मिटला की लगेच सुरू! मी करू तरी काय?"

तक्रार खरी होती. ग्रंथालयांसाठी प्रोग्राम बनवणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात ती नुकतीच लागली होती. प्रोग्राम कसा वापरायचा, ते सांगणारं चित्रांसकट पुस्तक लिहायचं काम तिचं. इथे सगळीकडे लिनक्स, आणि तिची आजवरची हुशारी दुसऱ्या सिस्टिमवरची. तो या सगळ्या मशिनांचा राखणदार. माऊसला शक्यतो शिवायचा नाही, काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करायचा. म्हणून ऑफिसने त्याचं नावच 'काळी खिडकी' ठेवलं होतं.

"उघडा मेनू कीबोर्ड दुसऱ्या कुणाला देत नाही," तो म्हणाला. "हट्टी असतो. म्हणून तो उघडायच्या आधीच सांगून ठेवायचं."

त्याने एक ओळ टाइप केली. "पाच सेकंद थांब, मग चित्र घे. एवढाच अर्थ. आता उघडा मेनू... हात काढा... आणि हलू नका."

ती हलली नाही. तोही नाही. पाच सेकंद म्हणजे काय मोठा काळ! पण साबणाचा मंद वास येणाऱ्या माणसाशेजारी श्वास रोखून बसलं, की हिशेब बदलतो. खट्! चित्र आलं. जरा लवकरच आलं, असं तिला उगाच वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओळ तिला तोंडपाठ होती. दुपारपर्यंत तिने आणखी चार युक्त्या शोधून काढल्या. आणि चार वाजता फोन उचलून म्हणाली, "अहो, येत नाहीये हो..."

"अगं, पण तुला येतंय ना आता?" घरी ताईने विचारलं.

"येतं की."

"मग त्याला रोज कशाला बोलावतेस?"

"ताई, तुझं दूध उतू जातंय बघ."

दूध गॅसवर नव्हतंच. ताई काय ते समजली.

तोही रोज यायचा. "हे मशिन जरा आळशी दिसतंय," एकदा गंभीरपणे म्हणाला, "पाच पुरणार नाहीत. दहा ठेवू." मग दहाचे पंधरा झाले, पंधराचे वीस.

"हलायचं नाही, पण बोललं तर चालतं ना?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"चालतं. चित्रात आवाज येत नाही."

त्या वीस-वीस सेकंदांत तिला कळलं, की त्याची आई त्याला अजून बाळ्या म्हणते. त्याला कळलं, की ही स्वतःचा विनोद संपायच्या आत स्वतःच हसते. बाकी जे सांगायचं होतं ते मात्र दोघांच्याही ओठांपर्यंत येऊन परत जायचं.

आणि पुस्तक संपत आलं. शेवटचा धडा, शेवटचं चित्र. उद्यापासून त्याला बोलवायला निमित्त उरणार नव्हतं. आजचं शेवटचं निमित्त साधून तिने फोन केलाच.

तो आला, तो कॉफीचा कप घेऊन. एक हात अडकलेला. मग अख्खी ओळ कोण टाइप करणार? वर जाणाऱ्या बाणाचं बटण दाबलं की आधीची ओळ परत येते, म्हणून त्याने एका बोटाने तेच दाबलं.

ती ओरडणार होती. उशीर झाला होता.

स्क्रीनवर तिचीच सकाळची ओळ आली. त्याने पुन्हा बाण दाबला. आणखी एक. हिच्यात फक्त एका चौकटीचं चित्र, तिच्यात माऊसचा बाणसुद्धा टिपलेला. त्याने यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

"हे सगळं... तुम्हाला येतं?"

"येतं." धरणीने पोटात घेतलं असतं तर ती आनंदाने गेली असती.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग रोज चार वाजता—"

"एक मिनिट!" ती एकदम पुढे वाकली. "माझ्या ओळींत आकडा दोन आहे. दोन सेकंद, आणि चित्र झक्क येतं. मधे मधे या तुमच्या ओळी. वीस? मशिन आळशी आहे म्हणालात ना?"

त्याचे कान लाल झाले. चोरावर मोर निघाला होता, आणि मोर खाली मान घालून कपात बघत होता.

"मशिन ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "इथून उठायचा आळस... माझा होता."

मग त्याने कप ठेवला, आकडा बदलला आणि एंटर दाबून ओळ चालू केली.

"साठ?" तिने विचारलं. "एवढ्या वेळात काय करायचं?"

"मला बोलायला वेळ लागतो." त्याने घसा खाकरला. "तू... म्हणजे तुम्ही..."

"तूच म्हण."

"तू मला आवडतेस. जाकिटातून बाहेर आलीस ना, तेव्हापासून. पुस्तक संपलं तरी मी चार वाजता आलो तर... चालेल?"

"नाही चालणार," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडलेला तिने पोटभर पाहून घेतला, आणि आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "चारपर्यंत कोण थांबणार? मला तू त्याच्या किती तरी आधी हवा असतोस."

खट्!

दोघांनी दचकून वर पाहिलं. चित्र आलं होतं. त्यात काळी खिडकी होती, साठचा आकडा होता. मेनू कुठेच नव्हता.

"अरे, मेनू उघडायचाच—" वाक्य संपायच्या आत ती हसू लागली.

"परत घ्यावं लागेल," तोही हसत म्हणाला. "किती ठेवू?"

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, बाण दाबून ती ओळ परत आणली, आणि साठच्या पुढे आणखी एक शून्य टाकलं.