दार का अडकलं?

"क्लेम, उघड ना दार!"

"उघडतच नाहीये! लाथ घालू का?"

"खबरदार!" स्टीअरिंगवरून ऑरव्हिल आजोबा गरजले.

शेवटी त्या लाल, बिनछपराच्या जुन्या गाडीच्या काठावरून चौघंही उड्या मारून उतरले. बहात्तर वर्षांचे आजोबासुद्धा, कण्हत कुथत! मग धाकट्या ड्यूईने सहज हँडल ओढलं, तर दार अलगद उघडलं!

"हा काय चावटपणा?" त्याची बारा वर्षांची बहीण मॅरलिस चक्रावली. "आपण आत बसलो की अडकतं, उतरलो की उघडतं?"

"उन्हाने फुगलं असेल," आजोबा गाडीवरून हात फिरवत म्हणाले. लग्नानंतर अशाच गाडीतून त्यांनी आजीला मिशिगनभर फिरवलं होतं. आजी आता नव्हती. म्हणून तर या गाडीच्या बदल्यात ते आपली लाकडी नाव द्यायला निघाले होते! आजीने आणि त्यांनी मिळून बांधलेली नाव! ही गाडी देणारे व्यापारी मिस्टर स्ट्रूप बारा वाजता नाव न्यायला येणार होते.

"लोखंड कधी असं फुगतं का?" शेजारचा क्लेम कुजबुजला.

"भूत असेल आत," ड्यूई म्हणाला.

"दिवसाढवळ्या? गप रे!"

तिघं गाडीखाली सरपटले. धूळ, गंज, तेलाचे डाग. कळेना काहीच! मग मॅरलिसला आठवलं, ग्रंथालयाच्या मिस प्रुइटकडे हीच, अगदी याच वर्षाची गाडी आहे! तिघं तिकडे गेले आणि त्याही गाडीखाली शिरले.

"माझ्या गाडीखाली कोण लोळतंय?" मिस प्रुइट दारातूनच ओरडल्या.

"मिस प्रुइट, ही मधली लोखंडी फुली कसली?" मॅरलिसने खालूनच विचारलं. "आमच्या गाडीला नाहीच!"

"नाही?" त्या चपापल्या. "छप्पर म्हणजे खोक्याचं झाकण, पोरांनो. झाकण काढलं की खोकं लेचंपेचं होतं. म्हणून उघड्या गाडीला कारखान्यातच खालून ही फुली देतात. तुमची गाडी छपराची होती, कुणीतरी करवतीने कापलीय! माणसं बसली की ती मधे वाकते आणि दार जाम होतं. धोक्याची आहे ती!"

तिघं जीव खाऊन पळत सुटले.

आजोबांच्या अंगणात नाव ट्रेलरवर बांधूनही झाली होती!

"मिस्टर स्ट्रूप, एक फोटो!" मॅरलिस गोड हसली. "तुम्ही मागे बसा. आजोबा, तुम्हीही!"

लठ्ठ मिस्टर स्ट्रूप ऐटीत बसले. क्लेम आणि ड्यूईही दाटीवाटीने बसले. क्लिक!

"आता उतरा ना!"

मिस्टर स्ट्रूपांनी दार ढकललं. खांदा लावला. घाम फुटला. "दार जरा... नवीन आहे."

"गाडी जुनी आणि दार नवीन?" ड्यूई खिदळला.

"आणि खालची फुली कुठंय?" मॅरलिसने विचारलं. "ही कापलेली गाडी आहे, हो ना?"

"मी नाही कापली! मला अशीच मिळाली..."

"पण माहीत होतं?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

मिस्टर स्ट्रूप काठावरून धडपडत उतरले आणि बाकीचे उतरताच गाडी घेऊन तोंड लपवत गेले.

आजोबा नावेच्या दोऱ्या सोडू लागले. मग म्हणाले, "मला त्या गाडीत तुमची आजी दिसत होती. वाकून खाली बघायचं सुचलंच नाही. शाब्बास रे पोरांनो! नाहीतर तिच्या हाताचं जे खरं होतं, तेच मी देऊन बसलो असतो."

सगळ्यांनी मिळून नाव घरामागच्या तळ्यात ढकलली.

"मॅरलिस, तू पुढे बस," आजोबा म्हणाले. "ती जागा तुझ्या आजीची."