लंडन ते पडेगाव

शहागंजात माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. कुठून कुठं किती तास लागतात ते मला तोंडपाठ. लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास. मुंबई ते आपलं संभाजीनगर, एक तास. मधी ताटकळायचं ते निराळं.

दाजी पहाटे पाचला गेले. मी पडेगावला आक्काच्या घरी पोचलो तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही. सगळं बधिर झालं होतं. भाच्याला, बद्रीला, लंडनला फोन मीच लावला. नऊ वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. आक्का एकच बोलली, "अग्नी माझ्या बद्रीच्याच हातचा. तवर माती थांबवा."

मी लागलीच दोन तिकिटं काढली, एक मुंबईपर्यंतचं, एक पुढचं. तिकडचं विमान आपल्या दुपारी साडेतीनला सुटणार होतं, म्हणजे बद्री उद्या सकाळी आठला दारात. दाजींचे थोरले भाऊ काकासाहेब तडकले. मढं इतका वेळ ठेवत नसतात, पुतण्यानं उरकून टाकावं, असं त्यांचं म्हणणं. आक्का जागची हलली नाही. शेवटी बर्फाच्या लाद्या मागवल्या.

त्याच दुपारी बारा वाजता बद्री दारात उभा राहिला.

बायकांनी हंबरडा फोडला. काकासाहेब म्हणाले, बरं झालं बाबा, आजकाल विमानं लई पळतात. मी बोटांवर तास मोजले. सकाळी सहाला हा माझ्याशी लंडनच्या घरातून बोलला होता. सहा तासांत कुणाचा बाप येत नाही. पण मयताच्या घरात असलं कसं काढायचं? खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलंही नाही.

त्याच्याजवळ सामान नव्हतं. खांद्यावर हात ठेवला तर सदऱ्यातूनही गार लागला. गेल्या रविवारी फोनवर दिसला तेव्हा पार टक्कल पडलेलं, चष्मा लागलेला. ह्याचं डोकं केसांनी गच्च, नऊ वर्षांपूर्वी गेला तसंच.

त्यानं मडकं खांद्यावर घेतलं, फेरे मारले, अग्नी दिला. धगीनं सगळे मागं सरले. तो तिथंच उभा राहिला.

घरी आलो तर शेजाऱ्यांनी कडू घासाची पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. आक्का त्याला जवळ घेऊन भरवत होती. तो नुसता चावत होता.

सव्वातीनला माझा फोन वाजला.

"मामा, विमानात बसलोय. दारं लागतायत. माती थांबवली ना?"

बद्रीचाच आवाज.

मी फोन आक्काच्या कानाला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचा हात त्या केसांतून फिरतच होता.

"बन्सी, माझा बद्री आलाय," ती म्हणाली. "ह्याला सांग, येऊ नको."

फोनमधून "आई?" असं आलं. मग पुन्हा एकदा. मग आवाज तुटला.

आक्का माझ्याकडं बघत राहिली. तोही बघत राहिला.

पावणेचारला मी मुंबईहून पुढचं तिकीट रद्द केलं. बद्री तेव्हा हवेत होता.