आत गेलेली पावलं

जनावरांना जायला रस्त्याखालून वाट काढून देणं, हे माझं काम. लोक हसतात, हसू देत. मुलुंडच्या मागचं जंगल चिरून नवा रस्ता गेला आणि एका जंगलाची दोन झाली. त्यांना जोडणारं भुयार मी आखलं. साठ पावलांचं, या तोंडातून त्या तोंडाचा उजेड दिसेल असं सरळ. जागा मी भांडून मिळवली होती. दोन वर्षांपूर्वी तिथेच बिबट्याची एक मादी गाडीखाली आली आणि तिचं पिल्लू अलीकडच्या झाडीतून तीन दिवस तिला हाका मारत होतं. तो आवाज माझ्या कानांतून गेला नव्हता.

दोन्ही तोंडांशी आम्ही चाळलेल्या मातीचा पट्टा पसरला होता. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे ठशांवरून कळतं. वनखात्याचे गुणाजी रोज सकाळी ठसे वहीत लिहायचे आणि माती पुन्हा सपाट करायचे.

तिसऱ्या आठवड्यात ते हळूच म्हणाले, "मॅडम, आत गेलेली पावलां आसत. भायर इलेली नाय."

"मागे फिरली असतील."

"मागे फिरलेली पण नाय..."

मी वही चाळली. चितळ, उदमांजर, साळिंदर. परवाच्या तारखेला त्या पिल्लाचे पंजे, आता पूर्ण वाढलेले. उजव्या पंजाचं एक बोट नाही, म्हणून ओळखू येतात. सगळे आत गेलेले. पलीकडची माती कोरी. सोमवारी अहवाल द्यायचा होता. वाट चालत नाही असं लिहिलं, तर भुयार विटांनी बुजवणार होते. आणि चालते असं लिहायचं, तर मी या जिवांना पाठवत कुठे होते? खरं सांगते, मला तिथेच रडू आलं.

शनिवारी भर दुपारी मी स्वतः आत शिरले. गुणाजी तोंडाशी थांबले.

वरच्या गाड्यांचा आवाज विसाव्या पावलाला थांबला. समोरचा उजेड दिसत होता, पण तो जवळ येत नव्हता. साठ पावलं झाली, शंभर झाली, मग मी मोजणं सोडलं. पायाखाली सिमेंट नव्हतं, मऊ पाला होता. ओल्या केसांचा, उबदार वास आला. माझ्या दोन्ही बाजूंनी कुणीतरी चालत होतं, अगदी माझ्या चालीने, घाई न करता. मला भीती वाटली नाही, याचीच आता भीती वाटते. पुढे कुठेतरी पिल्लाने हाक मारली. आणि... त्याला उत्तर आलं.

मग मी उन्हात उभी होते. पलीकडे पोहोचले होते. मागे वळून पाहिलं, तर मातीवर माझा एकही ठसा नव्हता.

गुणाजींना मी हे सांगितलं नाही. अहवालात 'वाट चालते' असं लिहिलं. मी स्वतः पार झाले होते ना?

आज सकाळी नाहूरच्या घरी लादी पुसत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. बादली तशीच टाकून पळत जाऊन घेतला.

"मॅडम, भायर इली. सगळी इली. चितळां, साळिंदर... बोट नाय तो बिबटो पण. त्याच्या बाजूक मोठी मादी आसा."

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

"आणि त्यांच्या मागसून बुटांचे ठसे आसत. सहा नंबर, डाव्या टाचेक चीर. जंगलात गेलेत, परत येवक नाय. मॅडम... तुमी घराकच आसात मां?"

डाव्या टाचेला चीर गेलेले माझे बूट दाराशीच होते. मी मागे वळून बादलीपासून फोनपर्यंतच्या ओल्या लादीकडे पाहिलं. त्या लादीवरून मी अनवाणी पळत आले होते. लादीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.