मुकी शेड

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या आत्याच्या बाबतीत घडलेली आहे. आणि आत्या म्हणजे भुताच्या सिनेमात घोरणारी बाई.

रात्र-बित्र काही नव्हती. थंडीतली सकाळ होती. बाहेर धुकं होतं, एवढंच.

आत्या तेव्हा हवाई दलाच्या विमानतळावर इंजिन मेकॅनिक होती. लढाऊ विमानाचं इंजिन दुरुस्त झालं की विमानात बसवण्याआधी ते जमिनीवरच पूर्ण ताकदीने चालवून बघतात. उघड्यावर चालवलं तर आसपासच्या वस्तीला जगणं नकोसं होईल, असा त्याचा आवाज. म्हणून त्यासाठी खास इमारत असते. जाडजूड भिंती, त्यांना भोकाभोकांचा पत्रा, पत्र्यामागे लोकरीसारखं भरण. सगळा आवाज गिळून टाकणारं.

इंजिन मधोमध लोखंडी घोडीवर जखडायचं. त्याच्या मागून निघणारा जाळ एका लांबलचक बोगद्यात सोडायचा. बोगदा एवढा मोठा की माणूस आत ताठ चालत जाईल.

सगळे त्या जागेला मुकी शेड म्हणायचे.

तिथे टाळी वाजवली तरी हातातल्या हातात मरायची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी गरगरायचं. आत्याला मात्र ती जागा आवडायची. "घरी तुमची कलकल असते, इथे तेवढाच कानांना आराम," म्हणायची.

त्या दिवशी कामावर तिघंच होते. जाड काचेमागच्या केबिनमध्ये आत्या, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावर हात ठेवून. तिच्या शेजारी साहेब. आणि बोगद्याच्या बगलेला एक छोटी चौकी होती, तिथे भोंगा. आत्याच्या आणि भोंगाच्या कानांवर एकमेकांशी बोलायचे हेडफोन.

भोंगा हे अर्थातच टोपणनाव. आयुष्यभर इंजिनांजवळ राहून त्याचे कान अर्धे गेलेले, त्यामुळे बोलणं कायम ओरडूनच. "जरा हळू बोला," असं बायको म्हणाली की तो आणखी मोठ्याने विचारायचा, "काय?"

इंजिन सुरू करायच्या आधी बोगदा तपासावाच लागतो. आत एखादा नट जरी राहिला तरी आफत. भोंगा बॅटरी घेऊन आत गेला, टोकापर्यंत बघून आला आणि ओरडला, "साफ आहे गं पोरी! चिटपाखरू नाही!"

चौकीतून बोगद्यात उघडणारं बगलेचं दार त्याने आत्यासमोर बंद केलं. अडसर घातला.

इंजिन सुरू झालं.

आत्याने दांडा हळूहळू पुढे सरकवला. काच थरथरायला लागली. बोगद्याच्या तोंडाशी निळा जाळ ताठ उभा राहिला. सगळे काटे जिथे हवेत तिथे.

शेवटचा जोर द्यायचा होता. तिने दांडा पूर्ण पुढे ढकलला.

आणि आवाज थांबला...

इंजिन नाही. फक्त आवाज.

जाळ दिसत होता. काटे तसेच होते. टेबलावरचा पेला थरथरत पुढे सरकत होता. पण कानात... काहीच नाही.

आपले कान गेले, असं आत्याला वाटलं. साहेब शेजारी शांतपणे काटे बघत होते. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला...

"पोरी..."

भोंगाचा आवाज होता. शंका घ्यायला जागाच नव्हती.

पण तो कुजबुजत होता.

"पोरी... बंद कर. मी आत आहे."

आत्याने मान वळवून चौकीच्या काचेतून पाहिलं. भोंगा तिथेच उभा होता. तोंड मिटलेलं. मान एका बाजूला कललेली, लांबून कुणी हाक मारावी आणि ती नीट ऐकावी तशी.

आणि त्याचा हात... अडसराकडे निघाला होता.

ते दार उघडलं असतं तर त्याचा कोळसासुद्धा सापडला नसता.

आत्याने दांडा मागे खेचला आणि इंधन तोडलं. त्या क्षणी सगळा आवाज एकदम तिच्या अंगावर कोसळला. मग इंजिन घरघरत, घरघरत शांत झालं.

"का बंद केलंस?" साहेब कडाडले. "कुणाला विचारून?"

आत्या उत्तर द्यायला थांबलीच नाही. धावत चौकीत गेली. भोंगाचा हात अजून अडसरावर होता. तिने तो धरून बाजूला ओढला.

"वेड लागलंय का काका? चालू इंजिनात दार उघडता?"

भोंगाने कानांवरचा हेडफोन खाली ओढला. चेहरा पांढराफटक.

"अगं, तूच म्हणालीस ना! काका, दार उघडा, मला बाहेर यायचंय... रडत होतीस गं!"



आणि मग त्या शांततेत... दाराच्या पलीकडे... पावलं वाजली.

टप... टप... टप...

आत पत्रा एवढा तापलेला होता की बूट ठेवला असता तर तळ वितळला असता. तरी पावलं सावकाश येत होती. बोगद्याच्या टोकाकडून इकडे. जिथे कुठलाच आवाज घुमत नाही, तिथे ती घुमत होती.

दारापाशी येऊन थांबली.

मागून साहेब आले. त्यांना पावलं ऐकू आली नाहीत. "दोघांचीही रात्रीची झोप झालेली नाही वाटतं," म्हणाले. "इंजिन आजच द्यायचंय. चला, पुन्हा सुरू करा."

"मी हात लावणार नाही, साहेब," आत्या म्हणाली. "नोकरी गेली तरी चालेल."

"आण तो हेडफोन इकडे."

भोंगाचा हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला. तोंडावर ते 'आता बघा' वालं हसू होतं.

ते तसंच काही वेळ राहिलं. मग कुणीतरी पुसून टाकावं तसं गेलं.

साहेबांनी हेडफोन काढला. फार अलगद, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा ठेवला. म्हणाले, "आजचं काम बंद. बाहेर चला. आत्ताच्या आत्ता."

बाहेर धुक्यात उभं राहून त्यांनी पहिला फोन वरिष्ठांना केला नाही. मुलीच्या शाळेत केला.

"वर्गात आहे ना ती? नाही, तुम्ही स्वतः जाऊन बघून या. मी थांबतो."

मुलगी वर्गात होती. सुखरूप होती. पण बाईंनी तिला फोनवर आणलं तेव्हा साहेबांना तिच्याशी बोलवेना. आत काय ऐकलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

बोगदा थंड झाल्यावर दुसऱ्या लोकांनी आतून तपासला. काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात तेच इंजिन तिथेच चाललं, सुरळीत पास झालं. शेड अजून वापरात आहे. तिथे आधी कुणी मेलं होतं का, हेही आत्याने खूप खोदून विचारलं. कुणीच नाही.

पण आत्याला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. तिच्या कानात जे बोललं, त्याने भोंगाला वाचवलं. भोंगाच्या कानात जे बोललं, ते त्याला मारायला निघालं होतं.

"मग आत एकच होतं..." ती म्हणते, "की दोन?"

आत्याच्या घरी आता कुणीही दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. दारात येऊन, समोर उभं राहून बोलायचं, असा दंडकच आहे. आम्ही आधी टिंगल करायचो.

परवा बायकोने स्वयंपाकघरातून मला हाक मारली. मी ओ दिली नाही. उठलो, दारापर्यंत गेलो, तिला डोळ्यांनी पाहिलं आणि मग म्हणालो, "काय गं?"

"तिथूनच बोलायला काय झालं होतं?" ती वैतागली.

वैतागू दे.