तिसऱ्या मजल्यावरची दिवेलागण

रामघाटाकडून संकठा घाटाकडे जाणारी ती गल्ली इतकी अरुंद आहे, की समोरून गाय आली तर माणसानं कुठल्या तरी ओट्यावर चढून वाट द्यायची. तिथल्या एका दगडी घराचा तिसरा मजला इरावती गोगटेनं भाड्यानं घेतला तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. रेल्वेची कॉलनी सोडून तिथे कशाला? इरावतीचं उत्तर सरळ होतं. पूर्वेची खिडकी उघडली की खाली गंगा आणि पलीकडे मैलभर रेती दिसते, आणि कॉलनीत खिडकीसमोर दुसऱ्याचे कपडे वाळत असतात.

ती रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर होती. बदली होऊन बनारसला आली होती, एकटीच राहत होती, आणि एकटी का असा प्रश्न विचारणाऱ्याकडे ती असं बघायची की तो पुन्हा विचारत नसे. तिच्या धंद्याचं एक साधं तत्त्व होतं. प्रत्येक बिघाडाला पत्ता असतो. शोधत गेलं की तो सापडतोच.

घरात आल्या आल्या तिनं स्वतःच्या हातानं स्मार्ट दिवे बसवले. जिन्यातला एक, स्वयंपाकघरातला एक, खोलीतले बाकीचे. दाराला बॅटरीवर चालणारं कुलूप लावलं, कारण गल्लीतली माकडं साधी कडी माणसासारखी काढतात. मग फोनवर एक नियम घातला. सूर्यास्त झाला की दिवे लागावेत आणि दार आपोआप बंद व्हावं. ती बहुधा उशिराच परतायची. उजेडाच्या घरात पाऊल टाकायला तिला बरं वाटायचं.

हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं.

फाल्गुनातल्या एका रविवारी ती खिडकीत पाय पसरून वाचत बसली होती. समोरची रेती उन्हात पांढरी दिसत होती, पाण्यात म्हशी बसल्या होत्या. दुपारचा चहासुद्धा अजून झाला नव्हता, आणि घरातले सगळे दिवे एकदम लागले. दाराच्या कुलपाची मोटर घरघरली आणि थांबली.

इरावतीनं फोन पाहिला. दिवे लागल्याचं कारण तिथे लिहिलं होतं: सूर्यास्त.

तिनं पुण्याला भाच्याला फोन लावला. प्रसन्न या असल्याच उपकरणांच्या कामात होता. त्यानं तिच्याकडून एकेक गोष्ट तपासून घेतली. नकाशावर घराची खूण बरोबर होती. देशाची वेळ बरोबर होती. सूर्यास्ताच्या आधी किंवा नंतर असा काही फरक कुणी घातला नव्हता.

"मावशी, हब बंद करून परत चालू कर," तो म्हणाला. भिंतीजवळची ती छोटी पांढरी डबी, जी सगळ्या दिव्यांना हुकूम देते, तिला हब म्हणतात. "सूर्यास्ताची वेळ चुकीची आली असेल कुठून तरी."

तिनं तसं केलं. दुसऱ्या दिवशी दिवे आणखी आधी लागले.

फाल्गुनात दिवस मोठा होत जातो. बाहेर सूर्य रोज थोडा उशिरा मावळत होता, आणि तिच्या घरातला सूर्यास्त रोज थोडा अलीकडे सरकत होता. तिनं हब बदलला. दिवे काढून नव्यानं जोडले. शेवटी तिला चाचणी सुचली. फोन हातात घेऊन ती दारात गेली. जिन्यात उभं राहिलं की फोन सूर्यास्ताची खरी वेळ दाखवत होता. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की तीच वेळ दुपारची होत होती. आत, बाहेर, आत, बाहेर, असं तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तिला भीती वाटली नाही. राग आला. बिघाडाचा पत्ता सापडला होता, आणि तो स्वतःच्याच घराचा निघाला होता.

ती आत वळली तोच दिवे लागले, आणि तेवढ्यात घरमालकीण जिना चढून आल्या. इंदूकाकू तळमजल्यावर एकट्या राहायच्या. सत्तरीला आलेल्या होत्या, त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळलेली असे. हातात वाटीभर साखरभात होता. दारातून त्यांनी आतले लागलेले दिवे पाहिले आणि मग इरावतीकडे पाहिलं.

"दिवेलागण झाली का तुझी?"

"काकू, भरदुपार आहे. काहीतरी गडबड आहे या दिव्यांत."

काकू हसल्या नाहीत. वाटी त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच तिच्या हातात दिली.

"दिव्यांत काही गडबड नाही गं," त्या म्हणाल्या. "या घरातल्या बाईला दिवेलागणीनंतर बाहेर पडता येत नाही. बाहेर असली तर ठीक. आत असली की मग सुबह."

"कोण अडवतं?"

"अडवत कुणी नाही. जमत नाही."

इरावतीनं वाटी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही कधी..."

"लग्न होऊन आले तेव्हापासून गंगेची आरती पाहिली नाही मी. दिवेलागणीच्या आत घरी यायची आदतच झाली. घंटा ऐकू येतात. धूपाचा वास येतो." काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "माझं फक्त संध्याकाळीच होतं. सासूबाई या वरच्या तल्ल्यावर राहायच्या. त्यांचं आधी संध्याकाळी व्हायचं, मग दुपारी. मग सकाळी उठल्या की दिवा लावायला सांगायच्या. शेवटी शेवटी त्या खाली उतरल्याच नाहीत, इथेच वारल्या. त्यांच्या सासूचंही तसंच झालं म्हणे."

"आणि घरातले पुरुष?"

"ते कुठं घरात असायचे संध्याकाळी?" काकू म्हणाल्या. "तू खोली सोड, इरावती. मी वाईट मानणार नाही."

"सोडायची तेव्हा मी ठरवून सोडीन," इरावती म्हणाली. "दिव्यांनी हाकललं म्हणून नाही."

लहानपणी आई म्हणायची, दिवेलागणीच्या आत घरी ये. हॉस्टेलवर फाटक त्याच वेळी बंद व्हायचं, आणि त्या फाटकावरून ती किती वेळा उडी मारून गेली होती हे तिलाच ठाऊक. नोकरीत पहिल्याच वर्षी साहेबांनी सांगितलं होतं, मॅडम, संध्याकाळनंतर लाइनवर तुम्ही नको. त्या रात्रीचा सिग्नलचा बिघाड तिनंच रुळात उभं राहून काढला होता. दुसऱ्याच्या घड्याळानं घरी परतायला ती कधी शिकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम रजा घेतली आणि घरात बसून राहिली. सकाळीच नियम पुसून टाकला, हबची वायर काढली. दिवे आता भिंतीवरच्या बटणाशिवाय लागणार नव्हते. खिडकीतल्या कुंडीत तिनं गुलबक्षी लावली होती, संध्याकाळी उमलणाऱ्या तिच्या कळ्या मिटलेल्या होत्या. बाहेर नावाडी एकमेकांना हाका मारत होते.

जेवण होऊन ताट घासून ठेवलं, तेव्हा तिच्या नाकाला मंद गोड वास आला. गुलबक्षी उमलली होती.

तिनं वर पाहिलं. दिवे लागले नव्हते, पण खोलीत अंधार येत होता. कोपऱ्यातून आला, मग कपाटाच्या दारावर चढला, मग पुस्तकाची अक्षरं दिसेनाशी झाली. खिडकीबाहेर रेती उन्हात लखलखत होती. ते ऊन खिडकीच्या चौकटीपर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं.

म्हणजे दिवे इतके दिवस चुकत नव्हते. आत खरंच संध्याकाळ होत होती. दिवे फक्त ते सांगत होते.

इरावतीनं बटण दाबलं. दिवा लागला. तिनं चपला घातल्या, दाराचं हँडल खाली केलं. आतून हँडल फिरवलं की हे कुलूप उघडायलाच हवं, ते तसंच बनवलेलं असतं. हँडल फिरलं, खिट्टी मागे गेल्याचा आवाज आला. दार हललं नाही.

तिनं बॅटऱ्या काढल्या. मग हत्यारांची पिशवी आणून कुलूपच सोडवून घेतलं. दारात मुठीएवढं भोक राहिलं. त्यातून जिन्यातला उजेड दिसत होता. दार तरीही हललं नाही. ते कुठे अडलंही नव्हतं. ते नुसतं उघडत नव्हतं.

"काकू," तिनं भोकातून हाक मारली.

काकू जिना चढून आल्या. त्यांनी बाहेरून ढकलून पाहिलं. धापा टाकत त्या म्हणाल्या, "राहू दे. सकाळी आपोआप उघडतं."

"आणि उद्या सकाळीच दिवेलागण झाली तर?"

काकूंनी दार पुन्हा एकदा ढकललं.

"काकू, तुम्हाला आत्ता बाहेर पडता येतं ना?"

"येतं. माझी संध्याकाळ अजून व्हायची आहे."

"मग गल्लीत जाऊन उभ्या राहा. लुगडं बदलत बसू नका, आहे त्याच लुगड्यात. मी येते. आज आरती बघायची आहे आपल्याला."

 मग काकूंची पावलं खाली उतरत गेली. सावकाश उतरली, पण मध्ये थांबली नाहीत.

बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, जुन्या लोखंडाच्या, रंगाच्या थरांखाली बुजलेल्या. इरावतीनं रंग खरवडला, खोबरेल सोडलं आणि पेच फिरवायला सुरुवात केली. मागे खोली गर्द होत चालली होती. लावलेला दिवा जळत होता, पण त्याचा उजेड त्याच्यापासून हातभर अंतरावरच संपत होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही. निघालेला प्रत्येक पेच ती कुर्त्याच्या खिशात टाकत गेली. हाताची साल निघाली. शेवटचा पेच सुटला तेव्हा दार तिच्या अंगावर कललं. तिनं ते खांद्यावर तोललं, ओढत नेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

मग हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ती उंबरा ओलांडून भरउन्हात जिना उतरली.

त्या संध्याकाळी त्या दोघी नावेत बसल्या. सूर्य घरांच्या मागे गेला, पाणी आधी तांबूस आणि मग निळं झालं. दूरच्या घाटावर आरतीच्या ज्योती वरखाली होऊ लागल्या. इंदूकाकू नावेच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. एकदा त्यांनी पाण्यात बोटं बुडवली.

"संध्याकाळी पाणी गरम असतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं थंड असेल."

रामघाटाखालून नाव गेली तेव्हा दोघींनी वर घराकडे पाहिलं. ते इतर घरांसारखंच दिसत होतं. काकूंनी मान फिरवली आणि त्या पुन्हा आरतीकडे पाहू लागल्या.

परतल्या तेव्हा अंधार पडला होता, पण गल्ली जागी होती, कोपऱ्यावर कढई अजून तापलेली होती. काकू आपल्या दाराशी थांबल्या नाहीत. इरावतीच्या मागोमाग त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या.

दार चौकटीत होतं. बंद होतं.

इरावतीनं खिशात हात घातला. पेच तिथेच होते, बोटांना टोचत होते.

कुलपाच्या भोकातून उजेड येत होता. तिच्या दिव्याचा नव्हता, पिवळसर, हलणारा. मग तो झाकला गेला. भोकातून चार बोटं बाहेर आली आणि कडेवरून चाचपडत फिरू लागली. कातडी सुरकुतलेली होती, नखांत काजळी होती. आत काचेच्या बांगड्या वाजल्या.

काकूंनी इरावतीचा दंड धरला. 

"सासूबाईंची बोटं आहेत," त्या म्हणाल्या. "दे त्यांना तुझं ते हत्यार."

इरावतीनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ पुढे करून त्या बोटांत दिला. बोटं थंड होती. त्यांनी तो घट्ट धरला.

"बिजागऱ्या तुमच्याच बाजूला आहेत," इरावती भोकाशी वाकून म्हणाली. "खालच्यापासून सुरू करा. जोर लागला तर दोन्ही हातांनी धरा."

स्क्रूड्रायव्हर आत गेला.  मग तो एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या. मग तिसऱ्या हातात. मग त्याच्याही पुढच्या. प्रत्येक वेळी बांगड्यांचा आवाज थोडा आणखी आत, थोडा आणखी लांबून येत होता, आणि इरावतीची खोली तेवढी लांब नव्हती.